बाळंतिणीच्या शेजारी कोण बसणार?

माझा मोठा मुलगा चार महिन्यांचा असताना तीन दिवस सलाईनवर होता. जुलाबाने पोर पार गळून गेले होते. डॉक्टरांनी विचारले, "वरचे दूध देता का?" मी म्हटले, "हो, डब्याचे." त्यांनी पुढे विचारले, "किती पाण्यात किती चमचे?" तेव्हा मी खरे सांगितले नाही. डबा महिनाभर पुरावा म्हणून आम्ही पावडर कमी आणि पाणी जास्त घालत होतो. मी बी.कॉम. झालेली, दिवसभर दुसऱ्यांच्या खात्यांचे हिशेब जुळवणारी बाई. पण माझ्या घरातला हा हिशेब मला जुळवता आला नव्हता.

ही गोष्ट २००८ सालची. नोकरी हंगामी होती, बाळंतपणाची रजा नव्हती, म्हणून दोन महिन्यांतच मी कामावर गेले. पण डबा घरात आला तो नोकरीमुळे आला असे म्हणून मला सुटता येणार नाही. तो बाळाच्या चौथ्या दिवशीच आला होता. बाळ रात्रभर रडत होते, माझी छाती दाटून दगडासारखी झाली होती, बोंडे चिरली होती. सगळ्यांनी मिळून ठरवले की हिला दूध नाही. दगडासारखी दाटलेली छाती म्हणजे दूध नसणे नव्हे, दूध अडकणे आहे, हे सांगणारे माझ्याजवळ कुणी नव्हते.

माता-भगिनींनो, ही माझी एकटीची कहाणी असती तर मी ती छापायला दिली नसती.

मागच्या उन्हाळ्यातली एक रात्र

आमच्या गल्लीतली एक लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. दिवस मे महिन्याचे. रावेरचा उन्हाळा ज्याने सोसला आहे त्याला वेगळे सांगायला नको. पारा पंचेचाळीसच्या आसपास, रात्रीही भिंती तापलेल्या. तिची आई केळीच्या बागेत निंदणीला जाणारी. तिसऱ्या रात्री बाळ रडायचे थांबेना. आई मला बोलवायला आली, म्हणाली, "दूधच उतरलं नाही वं माय पोरीला. पोरगं तहानलं असेल. पाणी पाजू का साखरेचं?" घरातला मुलगा मेडिकलवर डबा आणायला निघालाच होता.

सुदैवाने आशाताई दोन घरे सोडून राहतात. त्या आल्या. त्यांनी उपदेश केला नाही. आधी पोरीला पाठीशी उशी देऊन बसवले, पाणी दिले, आणि म्हणाल्या, "पाज बरं, मी नुसतं बघते." बाळ फक्त बोंडाचे टोक तोंडात धरून ओढत होते. आशाताईंनी बाळाला सरळ आईच्या पोटाशी वळवले, त्याचे नाक बोंडासमोर येऊ दिले, वरच्या ओठाला स्पर्श होताच त्याने मोठा आ केला आणि तेवढ्यात आईने त्याला जवळ घेतले. आता बोंडाभोवतीचा काळा भागही तोंडात गेला. हनुवटी छातीला टेकली, खालचा ओठ बाहेर वळला. थोड्या वेळाने गिळण्याचा आवाज येऊ लागला. तासभर त्या तिथेच बसून होत्या. डबा त्या रात्री आला नाही.

घरी येऊन मला झोप लागली नाही. माझ्या चौथ्या रात्री असा एक तास कुणी बसले असते तर?

दूध कसे येते, आणि का आटते

पहिल्या दोन-तीन दिवसांत येतो तो चीक. पिवळसर, घट्ट आणि थोडा. थोडा असतो म्हणूनच घाबरायला होते. पण पहिल्या दिवशी बाळाच्या पोटात एका वेळी चमचाभरच मावते. त्या चिकात रोगाशी लढण्याची शक्ती असते. गाय व्याली की तिच्या चिकाचा खरवस आपण आवडीने खातो, आणि काही घरांत आईचा चीक मात्र खराब दूध म्हणून पिळून टाकतात. हा केवढा विपरीत न्याय!

दूध भरून येते ते साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसात. पुढचा नियम सोपा आहे. जेवढे दूध बाळ ओढून घेते तेवढे नवे तयार होते. चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पाजावे लागते, रात्रीही. वरचे दूध एक वाटी गेले की बाळाची तेवढी भूक मेली, तेवढे ओढणे कमी, तेवढे दूध कमी. मग आई म्हणते, बघा, मला दूध नव्हतेच. डबा स्वतःची गरज स्वतःच तयार करतो तो असा.

दूध पुरते की नाही हे रडण्यावरून ठरवू नये. बाळ गरमीनेही रडते, कुशीत घ्यावे म्हणूनही रडते. पाचव्या दिवसानंतर बाळ दिवसाला सहा किंवा जास्त वेळा लघवी करते का, आणि वजन वाढते का, हे पाहावे. पहिल्या काही दिवसांत वजन थोडे घटते, दोन आठवड्यांत ते भरून निघते.

आणि उन्हाळ्यातल्या पाण्याचे काय? आईच्या दुधात शंभरातले सुमारे ८८ भाग पाणीच असते. म्हणून पहिले सहा महिने, भर मे महिन्यातही, बाळाला वरचे पाणी लागत नाही. पाणी आईने भरपूर प्यावे आणि बाळाला वरचेवर पाजावे. मध, घुटी, साखरपाणी यांचेही तसेच. मधाने तर तान्ह्या बाळाला गंभीर विषबाधा होऊ शकते, म्हणून वर्षाच्या आत मध नको.

प्रसूती दवाखान्यात, अडचण घरात

पूर्वी गावातली सुईण आणि घरातल्या चार बाया बाळंतिणीजवळ बसत. त्यांच्या काही समजुती चुकीच्या होत्या, पण त्या बसत होत्या. आता बाळंतपणे दवाखान्यात होतात, आणि ते चांगलेच झाले. त्याने आया वाचल्या. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील ८८.६ टक्के बाळंतपणे दवाखान्यात झाल्याची नोंद आहे. पण जन्मल्यावर तासाभरात अंगावर पाजलेली बाळे फक्त ४१.८ टक्के. दवाखान्याचे दार आपण गाठले, पण खाटेजवळ बसायला माणूस नाही. सिस्टर एक आणि बाळंतिणी अनेक. बहुतेकींना थोड्याच दिवसांत घरी सोडतात, आणि दूध भरून येण्याचे, छाती दाटण्याचे, रडारडीचे दिवस नेमके घरी उगवतात.

आशाताईंना बाळंतिणीच्या घरी ठरलेल्या दिवशी भेट द्यावीच लागते. तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा दिवस. पण साधारण हजार लोकवस्तीमागे एक आशा, त्यात लसीकरण, सर्वेक्षण आणि नोंदवह्या. प्रत्येकीच्या चौथ्या रात्री त्या कशा पोचणार? म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे की प्रत्येक वस्तीत दोन-तीन बायांनी हे काम शिकून घ्यावे.

हे झालेले आहे

"आपल्या शाळा न शिकलेल्या बायांना हे जमेल का?" असे कुणी विचारील. जमते. त्याचे दाखले आपल्याच महाराष्ट्रात आहेत.

नगर जिल्ह्यात जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये काम सुरू केले. त्यांनी खेड्यातल्या बायांनाच आरोग्य कार्यकर्त्या केले. त्यांत कितीतरी निरक्षर होत्या, कितीतरी दलित होत्या. ज्यांच्या हातचे पाणी गाव घेत नव्हता, त्यांच्या हाती गावाने आपली बाळंतपणे दिली. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत गावातलीच बाई शिकवून तान्ह्या बाळांची घरी काळजी घेतली, आणि तिसऱ्या वर्षी तिथले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. हा अभ्यास १९९९ मध्ये जगासमोर आला. पुढे आशाताईंच्या घरभेटी ठरल्या त्या याच अनुभवावरून.

अंगावर पाजण्याच्या कामाचेही असेच. १९५६ मध्ये अमेरिकेत सात आया एकत्र आल्या. तिथे तेव्हा बाटलीच सुधारणेची खूण मानली जाई. त्या सात जणींनी 'ला लेचे लीग' स्थापन केली. एका आईने दुसरीला शिकवायचे, एवढेच सूत्र. १९८९ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी प्रसूतिगृहांसाठी दहा पायऱ्या सांगितल्या. त्यातली दहावी होती, घरी गेलेल्या आयांसाठी आधारगट उभे करणे. आपल्या देशात या कामासाठी 'ब्रेस्टफीडिंग प्रमोशन नेटवर्क ऑफ इंडिया' ही संस्था ३ डिसेंबर १९९१ रोजी स्थापन झाली, तीही आपल्या वर्ध्याला. भुसावळहून नागपूरच्या गाडीत बसले की लागते तेच वर्धा.

पण मला सर्वांत जवळचे वाटते ते ढाका शहरातले उदाहरण. तिथे वस्तीतल्याच आयांना ४० तासांचे प्रशिक्षण दिले, रोज चार तास असे दहा दिवस. मग त्या गरोदरपणापासून बाळ पाच महिन्यांचे होईपर्यंत प्रत्येक घरी पंधरा वेळा जाऊन बसल्या. जिथे त्या गेल्या तिथे पाचव्या महिन्यात १०० पैकी ७० बाळे फक्त आईच्या दुधावर होती. जिथे कुणी गेले नाही तिथे १०० पैकी ६. हा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. सत्तर आणि सहा! मी हिशेबाची बाई आहे, हे आकडे मी तीनदा वाचले. तिथे कुठले औषध वाटले नव्हते आणि कुठले यंत्रही नव्हते. शेजारची बाई येऊन बसली होती.

चाळीस तासांत शिकायचे काय?

पहिले म्हणजे ऐकणे. हे सर्वांत अवघड. आपल्याला सांगायची घाई असते. "काय झाले, सांग बरं" असे विचारून गप्प बसायला शिकावे लागते. "तुला एवढंही कळत नाही?" हे वाक्य तोंडातून गेले की ती बाळंतीण पुन्हा काही विचारणार नाही.

दुसरे, पाहणे. बाळ कसे धरले आहे, तोंड किती उघडले आहे, गिळते आहे का. बाहुली घेऊन आणि जुन्या मोज्यात कापूस भरून केलेल्या छातीवर याचा सराव करतात. शक्यतो आपले हात आईच्या अंगाला लावायचे नाहीत, तिच्याच हातांनी तिला करू द्यायचे. उद्या आपण नसू, तेव्हा तिला ते जमले पाहिजे.

तिसरे, हाताने दूध काढणे. छाती दाटली असेल तर, आई कामावर जाणार असेल तर, किंवा बाळ अशक्त असून ओढत नसेल तर हे लागते. हात साबणाने धुऊन, स्वच्छ उकळलेल्या वाटीत दूध काढावे आणि वाटी-चमच्याने पाजावे. बाटली नको, तिचे बूच नीट स्वच्छ होत नाही. काढलेले दूध झाकून घरात सुमारे चार तास चांगले राहते, आपल्या उन्हाळ्यात त्याहून कमी धरावे.

चौथे, घरातल्यांशी बोलणे. सासूबाईंना बाजूला सारून हे काम होत नाही. "तुम्ही पाच वाढवली, तुम्हीच तिला धीर द्या," असे म्हटले तर त्या आपल्या बाजूला येतात. बाळंतिणीला भाकरी, वरण, भाजी पोटभर मिळते का आणि तिची धुणी-भांडी कोण करतो, हे नवऱ्याला विचारावे. बंधूंनो, रात्री बाळाला उचलून आईजवळ देणे आणि ढेकर काढणे ही पुरुषाचीही कामे आहेत.

पाचवे, आपली हद्द ओळखणे. बाळ ओढेनासे झाले, सुस्त पडले, अंग गार किंवा तापलेले लागले, श्वास जोरात चालला, तळहात-तळपाय पिवळे दिसले, लघवी कमी झाली. किंवा आईला थंडीताप आला आणि छातीवर लाल, दुखरी गाठ झाली, तर वेळ न घालवता दवाखाना. आपण डॉक्टर नाही. आईला एचआयव्ही किंवा दुसरा मोठा आजार असेल, औषधे चालू असतील, तर पाजण्याचा सल्ला डॉक्टरच देतील.

आणि काही आयांना सगळे करूनही दूध पुरत नाही. काहींची बाळे फार लवकर जन्मतात. अशा बाळांसाठीच मुंबईच्या सायन रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये देशातील पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली. सिद्धार्थ सात दिवसांचा असताना महामाया गेली आणि महाप्रजापती गौतमीने त्याला आपले दूध पाजून वाढवले, हे आपण जाणतोच. म्हणून जिला जमले नाही तिला दोष देऊ नये. मी ते टोमणे ऐकले आहेत. त्याने दूध वाढत नाही, डोळ्यांत पाणी तेवढे वाढते.

डब्याचा धंदा आणि मजुरीचा प्रश्न

डबा विकणाऱ्यांना कायद्याने लगाम घातलेला आहे. १९९२ चा बालदुग्ध पर्यायांचा कायदा १ ऑगस्ट १९९३ पासून लागू झाला, २००३ मध्ये तो आणखी कडक झाला. डब्यावर बाळाचे किंवा आईचे चित्र चालत नाही, जाहिरात करता येत नाही, आईला फुकट नमुना देता येत नाही, दवाखान्यातल्या लोकांना भेटी देता येत नाहीत. असे काही दिसले तर ते बेकायदेशीर आहे, हे आपल्या बायांना ठाऊक असावे.

पण नुसते "अंगावर पाजा" म्हणणे हा गरीब बाईवर अन्याय आहे. सकाळी सातला बागेत जाणाऱ्या बाईने दिवसभर बाळ कुठे ठेवायचे? बाबासाहेबांनी हा प्रश्न १९२८ सालीच ओळखला होता. त्या वर्षी जुलैमध्ये मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा देताना त्यांनी मांडले, की बाळंतपणाआधी आणि नंतर स्त्रीला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे. तिचा भार मुख्यत्वे सरकारने उचलावा आणि मालकालाही त्यातून सुटता येणार नाही. १९२९ मध्ये मुंबई इलाख्यात तो कायदा झाला. पुढे मजूर मंत्री म्हणून १९४३ मध्ये त्यांनी खाणीतल्या स्त्रियांच्या प्रसूती लाभासाठी दुरुस्ती विधेयक मांडले. १९६१ च्या कायद्याने बाळ पंधरा महिन्यांचे होईपर्यंत कामाच्या वेळेत पाजण्यासाठी दोन सुट्ट्या दिल्या; २०१७ मध्ये रजा २६ आठवड्यांची झाली आणि पन्नास किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी पाळणाघर बंधनकारक झाले. याच तरतुदी २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही घेतल्या आहेत.

केळीच्या बागेतली मजूर बाई मात्र या २६ आठवड्यांच्या बाहेरच राहिली. २०१७ पासून पहिल्या बाळंतपणाला मातृवंदना योजनेचे ५००० रुपये मिळतात. सहा महिन्यांच्या मजुरीपुढे ते किती, हा हिशेब प्रत्येक घराने करून पाहावा. म्हणून प्रशिक्षित बाईचे काम घरात संपत नाही. योजनेचा अर्ज भरून देणे, मुकादमाशी बोलून बाळंतिणीला जवळचे, सावलीचे काम मागणे, दुपारी बाळ बागेत आणून पाजण्याची मुभा मिळवणे हेही तिचेच काम. चार जणींनी मिळून मागितले तर मुकादमाला नाही म्हणणे जड जाते.

आपण काय करायचे?

फार मोठा कार्यक्रम नको. स्टेज नको, हार-तुरे नकोत. रविवारी वंदनेनंतर बाया विहारात थांबतातच. त्यातल्या तीन जणी निवडाव्यात. शिक्षणाची अट नको. जिने स्वतः पाजले आहे, जिला ऐकता येते आणि जिच्या पोटात गोष्ट राहते अशी बाई हवी. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या सिस्टर आणि आपल्या आशाताईंना शिकवायला विनंती करावी. केंद्र सरकारच्या 'मां' या कार्यक्रमात २०१६ पासून याच विषयावर भर आहे, तेव्हा आपण नवे काही मागत नाही. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात बाळाला कसे धरावे याच्या मराठी चित्रफिती आहेत. त्या मोबाईलवर फुकट पाहता येतात. रोज दोन तास धरले तरी वीस दिवसांत चाळीस तास भरतात.

एक साधी वही ठेवावी. गल्लीत कुणाला कितवा महिना, बाळंतपण कधी, पहिली भेट कधी, चौथ्या रात्री कोण जाणार. खर्चाचा रकाना जवळजवळ कोराच राहील. ती वही लिहायला मी तयार आहे, तेवढे काम मला येते.

त्या गल्लीतल्या लेकीचे बाळ सहा महिने फक्त अंगावरच वाढले. सातवा महिना लागला तेव्हा आजीने बागेतून आणलेले केळे कुस्करून त्याला भरवले. अंगावरचे दूध चालूच आहे, ते दोन वर्षांपर्यंत चालावे. परवा ती लेक सासरी निघाली. निघताना मला म्हणाली, "मावशी, आमच्या गल्लीत माझ्या जावेचे दिवस भरत आलेत. मला येईल ना तिला दाखवता?"

मी म्हटले, "येईल. आधी तिचं ऐकून घे."